‘मुली टिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

(कामगार स्त्रियांच्या प्रश्नांवर झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत हसू उमटलं, ते मी ऐकलं. ‘तरुण कुशल कामगार कसे मिळवावेत आणि कसे टिकवावेत’ हा विषय खरं तर कारखानदारांच्या सभेतला. आपल्या शिबिरात त्याचं काय काम? काम आहे, आणि ते का आहे हे आधी सांगते.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर अशा पट्ट्यांत ज्यांचे गट आहेत त्यांना हा अनुभव असेल. कारखान्याचा एचआरवाला, नाहीतर त्याने नेमलेला ठेकेदार, आपल्या ऑफिसात येतो. ‘आयटीआय झालेल्या मुली असतील तर पाठवा, आम्हाला मुलीच हव्यात,’ म्हणतो. मुलीच का, तर त्या तंबाखू खात नाहीत, युनियनच्या भानगडीत पडत नाहीत, मान खाली घालून काम करतात. हे तो कौतुक म्हणून सांगतो! आणि चहा संपता संपता तक्रार येते, ‘पण मॅडम, मुली टिकत नाहीत हो. शिकवून तयार करावी, की चालली.’

आपल्यातल्या बऱ्याच संस्था आता कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग चालवतात. किती मुलींना नोकरी लागली याचा आकडा पैसे देणाऱ्याला दाखवावा लागतो. म्हणजे मुलगी आणि कारखान्याचं गेट यांच्या मधे आपण उभ्या आहोत. तेव्हा ‘मुली का टिकत नाहीत’ याचं उत्तर आपल्याकडे तयार पाहिजे, आणि ते समोरच्याला तोंडावर सांगता आलं पाहिजे.

ही मुलगी कोण, ते आधी पाहू. लातूर, नांदेड, यवतमाळ, नाहीतर जवळच्याच जुन्नर-आंबेगावकडची. दहावीनंतर आयटीआयला गेली. फिटर, वायरमन, टर्नर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक असा एखादा ट्रेड केला. वर्गात वीस मुलगे आणि या दोघी-तिघी, त्यामुळे वर्कशॉपात हातोडी-पान्हा हातात मिळवण्यापासून तिची लढाई सुरू झालेली. घरी बापाला पटवलं, चुलत्याचे टोमणे ऐकले, आणि शहरात कॉट बेसिसवर चार जणींच्या खोलीत येऊन पडली. एवढं सगळं करून आलेली मुलगी वर्षा-दीड वर्षात ‘चालली’ असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. इतकं सोसून आलेली बाई सहज म्हणून निघून जात नाही.

म्हणून मी त्या एचआरवाल्याला उलट विचारते, की ती टिकावी म्हणून तुमच्याकडे जागा आहे का? जागा म्हणजे खुर्ची नव्हे, पद. हजेरीपटावर तिचं नाव कुठल्या नात्याने आहे? बहुतेक वेळा तो चाचरतो. मग कळतं की ती शिकाऊ उमेदवार आहे, किंवा ट्रेनी आहे, किंवा ठेकेदाराची आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा. त्यातला उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा. शिकणं संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. २०१६ साली केंद्राने शिकाऊ उमेदवारीला प्रोत्साहन म्हणून योजना आणली, तिच्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये महिना, सरकारने उचलला. त्याआधी २०१३ साली ‘नीम’ नावाची योजना आली होती. तिच्यात तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कुणालाही ‘प्रशिक्षणार्थी’ ठेवता येत असे. ती आता बंद झाली, पण तिने लावलेली सवय गेली नाही. शिकाऊ उमेदवारी वाईट, असं मी म्हणत नाही. हातात काम नीट बसायला वर्षभर शिकावंच लागतं. पण लाईनवर जे काम कायम कामगार करतो तेच काम सहाव्या आठवड्यापासून मुलगी करत असेल, टार्गेटही तेवढंच असेल, तर ती काय शिकते आहे?

म्हणजे बघा, जागा दोन वर्षांचीच काढायची. मुदत संपली की तिला गेटवर थांबवायचं. आणि सभेत म्हणायचं, मुली टिकत नाहीत!

मुदत संपायच्या आत ज्या सोडतात त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. त्यांना आपण विचारलं पाहिजे. त्या काय सांगतात ते मी गेली कित्येक वर्षं खोल्यांवर जाऊन ऐकते आहे. पहिली गोष्ट पगाराची, ती कुणालाही कळते. पाचशे रुपये जास्त मिळाले म्हणून मुलगी शेजारच्या कंपनीत गेली, की सुपरवायझर हसतो, ‘पाचशे रुपड्यांसाठी!’ त्याला कळत नाही की कॉटचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी पाठवायचे पैसे काढले की तिच्या हातात महिन्याला जे उरतं त्यात पाचशे ही मोठी रक्कम असते. आणि एकाच लाईनवर उजव्या बाजूचा कायम कामगार आपल्या कितीतरी पट घेतो हे तिला रोज दिसत असतं.

पण दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल आपणही कमी बोलतो. ती कामाच्या प्रकाराची आहे. एका मुलीने टर्नरचा ट्रेड केला होता. लेथवर तिचा हात चांगला बसलेला. कारखान्यात गेल्यावर तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तयार झालेले पार्ट उचलायचे, गेज लावायचा, उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायचे. दिवसभर. तिच्या बरोबरचा, तिच्याच वर्गातला मुलगा सीएनसी मशीनवर गेला. वर्षभरात तो सेटिंग शिकला, टूल बदलायला शिकला, प्रोग्रॅम थोडाफार वाचायला लागला. दोन वर्षांनी दोघं बाहेर पडले तेव्हा त्याच्या हातात धंदा होता आणि हिच्याजवळ होता फक्त वेग. ती मला म्हणाली, ‘ताई, आयटीआयला मी लेथ चालवत होते. आता मला परत जमेल का, याचीच भीती वाटते.’

याला शिकवून तयार करणं म्हणायचं, की शिकलेलं विसरायला लावणं? वायर जोडणं, सोल्डरिंग, पॅकिंग, तपासणी यांत मुली ‘चांगल्या’ कारण त्यांची बोटं नाजूक, असं सांगतात. बोटं नाजूक असतात ते काम अर्धकुशल आणि मनगट जाड लागतं ते कुशल, हे कुणी ठरवलं? किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे रकाने असतात. रकाना बदलला की पगार बदलतो. ट्रेडचं प्रमाणपत्र असलेली मुलगी खालच्या रकान्यात बसवली, तर मालकाला कुशल हात स्वस्तात मिळतो. मग ‘कुशल कामगार मिळत नाहीत’ म्हणणाऱ्याला विचारायचं, की तुमच्या पॅकिंगमधे किती आयटीआयवाल्या बसल्या आहेत ते मोजलंत का?

उलटंही होऊ शकतं हे पुण्यातच दिसलं आहे. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात गाड्यांच्या जुळणीची एक अख्खी लाईन मुली चालवतात, तिची खूप चर्चा झाली. जड काम मुलींना झेपत नाही, हे त्या दिवसापासून कुणी आपल्याला ऐकवू नये. मात्र फोटो पाहून आपण हुरळून जायचं नाही. लाईन मुलींची असली, तरी दुरुस्तीच्या खात्यात किती मुली, सुपरवायझर किती, हे कुठल्याही कारखान्याला विचारायचंच.

आता टिकवण्याच्या दुसऱ्या तऱ्हा. पगार न वाढवता, पद न देता मुलींना टिकवता येतं, आणि आपल्या देशात ते करून दाखवलेलं आहे. तमिळनाडूत कोइम्बतूर, तिरुपूर, दिंडीगल, इरोड या भागांतल्या सूतगिरण्यांची ‘सुमंगली’ योजना तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. गरीब घरातल्या, बऱ्याच दलित घरातल्या, कोवळ्या वयाच्या मुलींना तीन वर्षांच्या कराराने गिरणीत आणायचं, गिरणीच्या वसतिगृहात ठेवायचं, महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि तीन वर्षं पुरी झाली की तीस ते पन्नास हजारांची रक्कम एकदम द्यायची, लग्नासाठी. नावच बघा, सुमंगली! हुंड्याची सोय म्हणून आई-बापांनी मुली पाठवल्या. मधेच आजारी पडून घरी गेली, पळून गेली, की रक्कम बुडाली. बाहेर जायला बंदी, फोनवर पहारा. तीन वर्षं मुलगी ‘टिकली’. तिच्याच मजुरीचे पैसे अडकवून तिला टिकवलं, याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

हे मुद्दाम सांगते, कारण वसतिगृहाचा प्रस्ताव आपल्याकडेही येतो आणि तो चांगलाच वाटतो. मुलीला राहायला जागा मिळते, आई-बाप निर्धास्त होतात. पण खोली मालकाची, बस मालकाची आणि जेवण मालकाचं असलं की नोकरी सोडणं म्हणजे रात्रीत रस्त्यावर येणं. श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार मुलींच्या वसतिगृहात २०२१च्या डिसेंबरात अन्नातून विषबाधा झाली, दीडशेहून जास्त जणींना रुग्णालयात न्यावं लागलं. मुली महामार्गावर येऊन बसल्या आणि कारखाना काही आठवडे बंद राहिला. आयफोन बनवणाऱ्या या मुली. जगातली महागडी वस्तू त्यांच्या हातून जात होती आणि राहायच्या-जेवायच्या सोयी अशा, की खुद्द ॲपलने त्या आपल्या निकषांत बसत नसल्याचं मान्य केलं. वसतिगृह असावं, मात्र दाराची किल्ली मुलीजवळ असावी आणि तिथली समिती मुलींची असावी. नाहीतर चार जणींची कॉट बेसिसची खोली परवडली.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते. मुलगी टिकलीच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. सोडून जाता येणं हा कामगाराचा हक्क आहे. चांगली नोकरी मिळाली म्हणून गेली, पुढे डिप्लोमा करायला गेली, तर मला आनंदच आहे. राहायची इच्छा असून जावं लागतं, तिथे भांडण आहे.

आणि राहायची इच्छा असून जावं लागतं ते सगळ्यात जास्त लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वेळी. एचआरवाला म्हणतो, ‘मुलींची लग्नं होतात मॅडम, आम्ही काय करणार?’ लग्नं मुलग्यांचीही होतात. त्याला तेव्हा पेढे मिळतात.

याबाबत एक जुना निकाल आपल्या सगळ्यांच्या पिशवीत असायला हवा. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंगच्या खात्यात नियम होता की मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने तो नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. कंपनीचं म्हणणं होतं की तिथलं काम जथ्थ्याने करायचं असतं, सगळ्या हजर लागतात, आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. १९६५ साली न्यायालयाने नियम रद्द केला. मुलंबाळं असल्यामुळे गैरहजेरी वाढते म्हणावं, तर मुलं असलेल्या विधवांनाही तोच न्याय लागेल, आणि त्यांना तर कंपनी ठेवत होती. बाळंतपणाच्या रजेसाठी थोड्या राखीव बाया नेमल्या की भागतं, इतक्या साध्या शब्दांत प्रश्न मिटवला. लक्षात घ्या, हा खटला युनियनने लढवला होता, आणि तो खाते पॅकिंगच्या बायांसाठी.

आणि २०२४च्या जूनमधे रॉयटर्सने बातमी दिली की त्याच श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात भरती करताना लग्न झालेल्या बायकांना वगळलं जात होतं. कंपनीने आरोप नाकारले, केंद्राने तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. मधे जवळजवळ साठ वर्षं गेली, आणि घरची जबाबदारी, गैरहजेरी हीच कारणं पुन्हा ऐकू आली.

आता पैशाची गोष्ट. ‘सव्वीस आठवड्यांचा पगार आम्ही कुठून द्यायचा?’ असं लहान कारखानदार विचारतो आणि आपल्यालाही क्षणभर त्याची दया येते. हिशेब नीट करू. आपल्या बहुतेक मुली राज्य कामगार विम्याखाली, म्हणजे ईएसआयखाली येतात. २०१७ साली त्यासाठीची पगाराची मर्यादा २१,००० रुपये केली गेली. २०१९ साली मालकाचा वाटा सव्वातीन टक्क्यांवर आणि कामगाराचा पाऊण टक्क्यावर आणला गेला. सोळा हजार पगार धरा. मालक महिन्याला ५२० रुपये भरतो, मुलीचे १२० कापले जातात. हे ५२० रुपये तो पुरुष कामगारासाठीही भरतोच. आणि बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांचा पगार त्या मुलीला कोण देतं? ईएसआय महामंडळ देतं. मालकाच्या गल्ल्यातून एक रुपया जात नाही! त्याने फक्त तिची जागा राखायची आणि तेवढे महिने बदली माणूस लावायचा. हा हिशेब मी सांगितला की पुष्कळ वेळा समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. काहींना खरंच माहीत नसतं.

पण इथेच पहिली मेख पुन्हा येते. शिकाऊ उमेदवाराला ईएसआय नाही. आणि बाळंतपणाचा लाभ मिळायला आधीच्या दोन वर्गणी-काळांत निदान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली लागते. म्हणजे एकोणीस ते बावीस या वयात जी शिकाऊ म्हणून राबली, तिची तेवढी वर्षं या हिशेबात कोरी. ठेकेदार मधे बदलला, नोंदणी खंडित झाली, तरी तोच घोळ. मुलींना दर महिन्याला ईएसआयची वर्गणी भरली गेली की नाही हे तपासायला शिकवणं, हे मला आज कौशल्य प्रशिक्षणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पाळणाघराचंही तसंच. जुन्या कारखाना अधिनियमात तीसपेक्षा जास्त बायका असल्या तरच पाळणाघर सक्तीचं होतं, म्हणून बायकांचा आकडा तिशीच्या आत ठेवण्याची युक्ती आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना चांगली आठवत असेल. २०१७च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी, पुरुष धरून, अशी अट आली आणि नव्या संहितांमधेही पन्नासचाच आकडा आहे. आता बाई कमी ठेवून पाळणाघर चुकवता येत नाही.

नव्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांवर वेगळं सत्र आहे, म्हणून दोनच गोष्टी. ठराविक मुदतीच्या नोकरीवर घेतलेल्या कामगाराला कायम कामगाराइतकेच पगार-भत्ते द्यायचे आहेत आणि एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटीही. म्हणजे मुदतीची नोकरी द्यायचीच असेल तर ती ‘ट्रेनी’च्या नावाखाली देण्याऐवजी उघड द्या, असं आपण म्हणू शकतो. दुसरं, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला तिच्या संमतीने काम देता येतं. रात्रपाळीला माझा सरसकट विरोध नाही. रात्रपाळी नाही म्हणून बायकांना चांगली खाती नाकारली गेली, हेही खरं. पण ‘नाही’ म्हटल्यावर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटपास बंद करणार असेल तर त्या संमतीला काय अर्थ? आणि बस मुख्य चौकात सोडणार, की खोलीच्या दारात? चौक ते खोली हे शेवटचं अर्धा किलोमीटर. कित्येक नोकऱ्या त्या अर्ध्या किलोमीटरवर सुटल्या आहेत.

संडास, कपडे बदलायची जागा, पाळीच्या दिवसांत लाईन सोडायला परवानगी, यावर मी वेळ घेत नाही, आपण सगळ्या जाणतो. फक्त एवढंच, की लाईनवरून उठायला बदली माणूस नसेल तर संडास कितीही चकचकीत असला तरी तो नसल्यासारखाच. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत मात्र एक गोष्ट मुलींना सांगाच. २०१३च्या कायद्यात शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, ठेकेदाराची कामगार या सगळ्या येतात. ‘तू आमची कर्मचारीच नाहीस’ असं सांगून कुणी तिची तक्रार परत करू शकत नाही.

तर आता तो एचआरवाला पुन्हा चहाला आला की काय करायचं? मुलींची यादी लगेच हातात द्यायची नाही. आधी आपण विचारायचं. मागच्या तीन वर्षांत किती मुली घेतल्या, त्यातल्या आज किती आहेत, कितींना कायम केलं? मुलीला तिच्या ट्रेडचं काम मिळणार का, आणि ते नेमणूकपत्रात लिहिणार का? पत्र मराठीत मिळेल का? बाळंतपणानंतर किती जणी परत आल्या? शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते, कारण तिथपर्यंत कुणी पोचलेलीच नसते. आमच्या भागात आम्ही तीन गटांनी मिळून ठरवलं आहे, की या प्रश्नांची लेखी उत्तरं दिल्याशिवाय कुणाकडेही मुली पाठवायच्या नाहीत. एकट्या गटाने केलं तर ठेकेदार पुढच्या गटाकडे जातो, म्हणून तिघींनी. दोन कारखान्यांनी उत्तरं दिली. एकाने तपासणीच्या टेबलावरच्या चार मुलींना मशीनवर घेतलं. बाकीचे अजून फिरकलेले नाहीत. त्यांना हात तर हवे आहेत, तेव्हा किती दिवस थांबतात ते बघू.

आकड्यांच्या दडपणाचं काय, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. नोकरी लागलेल्या मुलींची संख्या भरली नाही तर पुढचा हप्ता अडतो. त्यावर माझ्याजवळ सोपा उपाय नाही. पण पैसे देणाऱ्यांना आपण एकत्र पत्र लिहू शकतो, की ‘किती लागल्या’ याच्या शेजारी ‘वर्षाने किती होत्या आणि कुठल्या कामावर’ असा रकाना घाला. मसुदा मी आणला आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचून दुरुस्त करा.

मी थांबते. सातपूरच्या मैत्रिणींनी मघापासून हात वर केला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.